मोरिता-सान आणि पन्नास मिलिमीटरचा बॉल

घाबरलेल्या माणसांनी मिळून एखादी वस्तू घेतली, की तिच्याभोवती किस्से साचायला वेळ लागत नाही. आमच्याकडे तर दोन घाबरलेली घरं होती आणि एक सेकंडहँड कॅरॅव्हॅन. मग काय विचारता!

दोन हजार अकराच्या जपानमधल्या भूकंपात टोकियोजवळच्या उरायासुतली आमची बिल्डिंग पडली नाही. पण जमिनीतून राखाडी चिखल वर आला, फुटपाथ उचकटले, आणि कितीतरी दिवस नळ आणि टॉयलेट बंद. मी, माझी बायको सुनीता, खालच्या मजल्यावरचा मिलिंद, त्याची बायको अश्विनी आणि त्यांची सात वर्षांची रेवा, असे पाचही जण पाण्याच्या रांगेत कॅन घेऊन उभे असायचो. तिथेच मिलिंद म्हणाला, "परत झालं तर राहायचं कुठे? चाकांवरचं घर पाहिजे!"

०००

मिलिंद आणि मी एकाच ऑफिसात. त्या वर्षी तो जाईल तिथे पाण्याचा ग्लास समोर ठेवायचा. पाणी हललं की भूकंप!

एकदा क्लायंट समोर बसलेला असताना पाणी थरथरलं. मिलिंद थेट टेबलाखाली. त्याच्या मागोमाग मीही. खाली बघतो तर काय, आमचे मॅनेजर पाय हलवत बसलेले!

मिलिंद खालूनच म्हणाला, "ओकादा-सान, प्लीज, तेवढा पाय थांबवा ना!"

०००

पुढच्या वर्षी कॅरॅव्हॅन घेतली. साध्या लायसन्सवर ओढता यावी म्हणून अगदी छोटी. झोपायची सोय तिघांची आणि माणसं पाच.

"आळीपाळीने झोपू," मिलिंद म्हणाला.

तसंही झोप कोणाला लागत होती!

०००

कॅरॅव्हॅनला स्टॅबिलायझर हिच होती. हिच म्हणजे कॅरॅव्हॅन गाडीला जोडायचं तोंड; त्याच्या आत दोन पॅड असतात. ते गाडीच्या मागे बसवलेल्या दांड्यावरचा, म्हणजे टोबारवरचा, लोखंडी बॉल दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात, म्हणून वाऱ्यात कॅरॅव्हॅन मागे डोलत नाही. आता मिलिंदच्या गाडीला टोबार निवडायचा होता. त्याने रात्रंदिवस इंटरनेट चाळून एक मागवला आणि आम्ही तो घेऊन शेजारच्या इचिकावाला मोरिता-सानच्या गॅरेजवर गेलो. मोरिता-सान सत्तरीचे. बोलणं कमी, मोजणं जास्त.

त्यांनी बॉलला मापाचा कॅलिपर लावला, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, "चोत्तो..."

चोत्तो म्हणजे 'जरासं'. मिलिंद खूश झाला. "बघ, जरासाच फरक आहे!"

अश्विनी जपानी शिकवणीला जायची. तिने कपाळाला हात लावला. "अरे, यांचं 'जरासं' म्हणजे आपलं 'मुळीच नाही'!"

आणि खरंच! हिचला पन्नास मिलिमीटरचा बॉल हवा होता आणि हा दोन इंची, एका मिलिमीटरहूनही कमी फरकाने मोठा. वर त्याची मान आखूड. वळताना हिच टोबारच्या पट्टीवर आपटली असती. लांब, वाकड्या मानेचा टोबारच हवा होता.

०००

तो टोबार निवडायलाही आधी कॅरॅव्हॅनच्या तोंडाकडचं वजन कळायला हवं होतं. मोरिता-सान म्हणाले, "भूकंपात न्याल तेवढं सगळं सामान भरून आणा." आणि त्यांनी तोंडाखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवला. काटा जो सुटला, तो थांबेचना!

त्यांनी पुढचा कप्पा उघडला. पाण्याचे कॅन, आटा, कुकर आणि पोतंभर डाळ.

"मग उपाशी मरायचं का?" सुनीता माझ्यावरच खेकसली.

मोरिता-सानांनी मूठभर डाळ हातात घेऊन गंभीरपणे नाव विचारलं, मग वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "तूरडाळ. जागा, चाकांच्या वर."

०००

हा किस्सा माझ्याच मूर्खपणाचा. नवा टोबार बसला. लोखंडाला लोखंड घासणार म्हणून पहिल्या फेरीच्या सकाळी मी प्रेमाने बॉलला भरपूर ग्रीस चोपडलं. हमरस्त्यावर एक ट्रक शेजारून गेला आणि कॅरॅव्हॅन अशी डोलायला लागली की रेवाने डोळे मिटून घेतले. मिलिंद घामाघूम. कशीबशी हळूहळू गॅरेज गाठलं.

मोरिता-सानांनी बॉलवर बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. "ज्याने घट्ट धरायचं, त्यालाच तुम्ही तेल पाजलंत?"

दोन्ही पॅड बदलावे लागले. ते बदलेपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही!

०००

मग एका रविवारी दुपारी भूकंपाच्या इशाऱ्याने सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले आणि पाठोपाठ मोठा धक्का बसला. हादरे थांबताच आम्ही पार्किंगमध्ये धावलो. मिलिंद तोंडाखालच्या चाकाचं हँडल उलटंच फिरवत राहिला, शेवटी अश्विनीने ते फिरवून हिच बॉलवर उतरवली. रेवा खाली वाकून ओरडली, "मिदोरी! हिरवं आलं!" हिचवर हिरवी खूण दिसली म्हणजे पकड बसली.

पाचही जण कॅरॅव्हॅनमध्ये शिरलो. कुठे जायचं, हे कोणी ठरवलंच नव्हतं!

तासाभराने समोरून हेल्मेट घातलेला एक माणूस सायकल रेटत येताना दिसला. मोरिता-सान! ट्रेन बंद होत्या, म्हणून इचिकावाहून सायकलवर आले होते. पाठीवर एक छोटीशी सॅक. ते गुडघ्यावर बसले, बॉल बघितला, हिच दोन्ही हातांनी हलवून पाहिली.

मिलिंद ओशाळून म्हणाला, "अहो मोरिता-सान, एवढ्यासाठी कशाला आलात? फोन केला असतात तरी सांगितलं असतं, नीट लागलंय म्हणून."

"हो, नीट लागलंय," ते म्हणाले. मग उठून उभे राहिले आणि त्यांनी हेल्मेट काढलं.

"मीही आत बसू का?"