पोहणारं बटण

मालवणात मी आणि नंदूने वेबसाइट बनवून द्यायचं दुकान काढलं होतं, तेव्हाचे किस्से मी अजून सांगतो. ते मुद्दाम जमवावे लागले नाहीत. नंदूकडे साधं काम असायचं आणि सजावट माझ्याकडे, त्यामुळे ते आपोआप साठत गेले!

*

सावंतवाडीच्या एका खेळण्यांच्या दुकानदाराला मी साइट उघडताच गरगर फिरणारा भोवरा दिला. तेव्हाच्या फोन लाइनवर तो दिसायलाच पाच मिनिटं लागायची. मालकांनी मोठ्या हौसेने एका गिऱ्हाइकाला साइट दाखवायला घेतली. भोवरा येईपर्यंत त्या माणसाने समोरच्या फळीवरचे दोन लाकडी भोवरे घेतले आणि तो घरीही गेला.

*

तारकर्लीच्या शालिनीकाकीने गुडघे दुखतात म्हणून मासे विकणं सोडलं आणि घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. दिवाळीत पाहुणे आले नाहीत, तर पुन्हा माशांची पाटी डोक्यावर घ्यायची वेळ. तिच्या साइटवर मी समुद्र आणला आणि फोन नंबर लाटांवर हलता ठेवला. पहिल्याच माणसाने एक आकडा चुकीचा वाचला आणि फोन लागला बर्फाच्या कारखान्यात. खोली आहे, पण थंडी सोसेल का, असं तिथल्या मॅनेजरने त्याला विचारलं म्हणे!

नंबर मी जागेवर बसवला. पण बुकिंगचं बटण माझं लाडकं होतं, ते काही सोडवेना.

*

ते बटण म्हणजे एक बांगडा. तो साइटभर पोहायचा आणि त्याच्यावर क्लिक केलं की फॉर्म उघडायचा. महिना झाला, एकही फॉर्म आला नाही. काकी नवऱ्याला, म्हणजे बाबीकाकांना घेऊन दुकानात आली. तिचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं. माऊस धरून तिने बांगड्याचा पाठलाग केला आणि शेवटी दमली.

काकांचा जन्म होडीवर गेलेला, माऊस पहिल्यांदाच हातात. त्यांनी तो एका जागी ठेवला आणि गप्प बसून राहिले. बांगडा आपणहून आला. क्लिक! फॉर्म उघडला.

मी खूश होऊन नंदूकडे बघितलं.

काका म्हणाले, "माका गावलो रे. मुंबयच्या पावण्यांका खंय गावतलो?"

त्याच दुपारी मी बांगडा काढला आणि तिथे एक मोठं, साधं, जागचं न हलणारं बटण बसवलं.

दिवाळीच्या चौथ्या दिवशी काकीचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज, पाहुण्यांच्या पोरांचा गोंगाट.

"तो बांगडो परत सोड रे दोन दिस," ती म्हणाली. "माका जरा बसाक होया."