कुदळनानांचा डोंगर

नानांच्या स्कूटरवर मागच्या सीटला कायम एक कुदळ दोरीने बांधलेली असायची. वाटेत कुणी लिफ्ट मागितली की नाना गंभीरपणे म्हणत, "जागा नाय बाबा, मंडळी बसलीय." आमच्या कॉलनीत त्यांना सगळे कुदळनानाच म्हणत. सरकारी नोकरीत आयुष्य शहरात गेलं, पण घराणं खुलताबादकडचं जमीनदार, आणि बोलणंही तिकडचंच राहिलं होतं.

होळी झाली की रविवारी पहाटे नाना दारोदार हाका मारत फिरत. "उठा रे, घाणेरी फुलली!" लाल-पिवळ्या फुलांच्या या परदेशी झुडपाने खुलताबादच्या वाटेवरचा एक डोंगर अख्खा गिळला होता. तिच्याखाली गवताचं पातं उगवत नसे. फुलांची फळं होण्याआधी ती काढायची, म्हणून हा चैत्राचा घाट. आम्ही दहा-बारा जण जायचो. कुणी वाळूजच्या कारखान्यातला, कुणी शाळामास्तर, आणि मी गुलमंडीतला कापडदुकानदार. डोंगर कुणाचा, हे पहिल्याच रविवारी कुणीतरी विचारलं होतं. नाना म्हणाले, "आपला हाय." एवढंच. आम्हाला ते पुरलं.

कामाच्या वेळी नाना फार कडक. वरवर फांद्या तोडताना कुणी दिसला की ओरडत, "अय, तिची हजामत करायला आलास का? मुळाला हात घाल!" जमिनीखाली मुळाची मान तोडायची आणि झुडूप उलटं करून टाकायचं, म्हणजे पुन्हा रुजत नाही. दुपारी स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून प्रत्येकाच्या हातावर ठेवत आणि आमच्या तळव्यांतले काटे मांडी घालून सुईने काढत बसत.

माझे वडील गेले त्या वर्षी मी जाणं सोडलं होतं. तेरावा झाल्यावर नाना स्वतः आले, आणि पहिल्यांदाच कुदळ पायाशी ठेवून मला मागच्या सीटवर बसवलं. डोंगरावर आम्ही दोघंच. बराच वेळ खणल्यावर ते पाठमोरेच म्हणाले, "रडायचं तर रड. इथं कोण नाय." मी रडलो. नाना खणत राहिले. त्या दिवसापासून ते मला वडिलांच्या जागी होते.

पायथ्याच्या धनगर वस्तीवरची भीमाबाई सुरुवातीला आमची गंमत बघत उभी राहायची. मग ती आणि तिच्या सुनाही विळे घेऊन येऊ लागल्या. काही पावसाळे गेले आणि उतारावर पवन्या गवत डुलायला लागलं. नाना तिला म्हणाले, "भीमे, आता मेंढरं घेऊन पार पिशोरपर्यंत हिंडायचं काम नाय." भीमाबाईने पदराने डोळे पुसले. आम्हीही एकमेकांकडे बघेनासे झालो.

गेल्या होळीनंतर नाना हाक मारायला आलेच नाहीत. बरं नसेल, असं वाटून आम्ही आपापले गेलो. पाहतो तर डोंगराला तारेचं कुंपण, लोखंडी फाटक आणि भलामोठा फलक: फार्महाऊसचे प्लॉट, निसर्गरम्य गवताळ उतार. फाटकाबाहेर भीमाबाई मेंढरं घेऊन उभी होती.

"तुमास्नी ठावं नव्हतं?" तिने विचारलं. "नानाचाच हाय की डोंगर. भावाभावांनी मिळून इकला."

शाळामास्तर फलक पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. मग तीच म्हणाली, "घाणेरी होती तवाच बरं होतं. काठाकाठानं तरी मेंढरं चरत व्हती. कुणी हटकत नव्हतं."

मी तसाच नानांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं.

"पहिल्यापासून हेच ठरलं होतं का, नाना?"

"नाय रे, देवाशपथ," ते म्हणाले. "झाडोरा होता तवा त्या डोंगराला कुत्रं विचारत नव्हतं. तुम्ही त्याला रूप आणलं, मग गिऱ्हाईक आलं. भावांनी सह्या केल्या. मीपण केली."

"आम्हाला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर आला असता का?"

या प्रश्नावर मी घरी परतलो. 'आपला हाय' म्हणताना ते खोटं बोलले नव्हते. आम्हीच त्या 'आपला'मध्ये स्वतःला धरलं होतं. पण आम्ही तसं धरतोय, हे त्यांना दर रविवारी दिसत होतं. तेच मला आजही गिळवत नाही.

यंदा चैत्रात नाना दुकानात आले. वाळले होते. गमछा बघायच्या निमित्ताने बराच वेळ घड्या उलगडत बसले. मग हळूच म्हणाले, "पलीकडच्या टेकडीवर लई माजलीय घाणेरी. ये की रविवारी. दोघंच जाऊ."

माझ्या तोंडून निघून गेलं, "जमीन कुणाची आहे, नाना?"

त्यांनी गमछ्याची घडी नीट घातली, काऊंटरवर ठेवली आणि उठले. पायरी उतरताना म्हणाले, "जातो."

निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आमच्याकडे लहान पोरालाही शिकवतात. कुणी चुकलं तर आपण लगेच टोकतो. मी टोकलं नाही.