सध्या तरी

नाशकात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई रक्ताच्या कॅन्सरमधल्या जनुकांवर संशोधन करतात. पेशींनी वर्षानुवर्षं फसवल्यामुळे असेल, त्या कशाचीच खात्री देत नाहीत. नळाला पाणी आहे का विचारलं, तर म्हणतात, "सध्या तरी आहे."

पिंपळगावचा द्राक्षवाला खाली गाडी लावतो. बाई घडाच्या टोकाचा, मधला आणि देठाजवळचा मणी चाखतात.

"ताई, लय गोड हायेत ना? सांगा की यांना!"

"मी खाल्लेले गोड आहेत. उरलेल्यांबद्दल सांगता येणार नाही."

जमलेल्या बायका रिकाम्या पिशव्या घेऊन परत जातात. हल्ली बाई दिसल्या की तो गाडी पुढे ढकलतो.

गेल्या महिन्यात माझ्या रक्तात पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या. घरात कुणी तो शब्द उच्चारेना. बाई स्वतःहून आल्या, माझ्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन प्रयोगशाळेत गेल्या आणि संध्याकाळी दारातूनच म्हणाल्या, "कॅन्सर नाही. अजिबात नाही. तुमच्या सुजलेल्या दाढेमुळे पेशी वाढल्यात, ती दाखवा आधी."

दार लावताच बायको रडायला लागली. "ही बाई इतकं ठाम कधी बोलते का? नक्की काहीतरी लपवतेय!"

मलाही ते पटलं. आम्ही तसेच जिना चढून वर गेलो. बाईंनी आमचे चेहरे पाहिले आणि त्या ओशाळल्या.

"चुकलंच माझं. मी पाहिलेल्या पेशींत तरी नाही. सध्या तरी."

"हं, आता कसं!" म्हणत बायकोनं डोळे पुसले आणि खाली येऊन पिठलं टाकलं.