दोनशे त्रेपन्न ग्रॅम

बारा वर्षांत सुलेखानं सिंगापूरचा एकही नियम मोडला नव्हता. तिथल्या मेट्रोत, एमआरटीत, खायला बंदी; लेक इरा लहानपणी तिथं भुकेनं रडली, तरी हिनं बिस्किटाचा पुडा उघडला नव्हता. बिशानच्या फ्लॅटमध्ये डास झाले तर दंड, म्हणून कुंडीखालच्या बशीतलं पाणी ती दिवसातून दोनदा पुसायची. अशा बाईच्या घरी नोटीस आली, आणि तीही तिच्याच करणीनं.

खंडेनवमीला तिनं पाटावर सुऱ्या, मिक्सर, नवऱ्याचा लॅपटॉप आणि त्याचा नवा ड्रोन मांडून पूजा केली. ड्रोनवरचं झेंडूचं फूल पंख्याच्या वाऱ्यानं सारखं घरंगळायला लागलं, तेव्हा तिनं ते दोऱ्यानं बांधूनच टाकलं. दसऱ्याच्या सकाळी बागेत निघताना निशिकांत दोरा सोडायला लागला.

"थांबा हो, उत्तरपूजा व्हायचीय."

"अगं, उडवायचाय तो."

"मग उडवा की. एका फुलाचं काय ओझं होणारेय त्याला?"

अडीचशे ग्रॅमच्या वरच्या ड्रोनची नोंदणी करावी लागते. निशिकांतचा दोनशे एकोणपन्नास भरायचा. म्हणून तर त्यानं तोच निवडला होता. बागेतल्या अधिकाऱ्यानं तो फुलासकट काट्यावर ठेवला. दोनशे त्रेपन्न.

एरवी दंड भरून विसरता आलं असतं. पण पीआरचा, म्हणजे तिथं कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज तिसऱ्यांदा गेला होता, आणि निशिकांतचा नोकरीचा पास मार्चनंतर वाढवणार नाही, असं कंपनीनं सांगून टाकलं होतं. पीआर नाही मिळाला तर इराची शाळा मध्येच सुटणार. त्यात नावावर गुन्हा नको, म्हणून नोटिशीविरुद्ध दाद मागायची ठरली. सुलेखा लग्नाआधी पुण्यात इंग्रजी शिकवायची. अर्ज तिनंच लिहिला, चांगला दोन पानी. खंडेनवमी म्हणजे काय, फूल ड्रोनचा भाग कसा नाही, ते आपणच बांधलं आणि नवरा काढत असताना आपणच अडवलं, सगळं.

"आई, so long for what? Just say sorry lah," इरा म्हणाली.

"सॉरी कशाबद्दल? लपवण्यासारखं काही केलंय का आपण?"

उत्तर पाच ओळींचं आलं. उडताना ड्रोनला जे बांधलेलं असेल, ते वजनात धरलं जातं. फूल जाणूनबुजून बांधल्याचं अर्जातच कबूल केलेलं आहे. निर्णय मान्य नसल्यास कोर्टात जावं.

निशिकांतनं ते दोनदा वाचलं. "चुकून अडकलं होतं, एवढंच लिहिलं असतंस तर..."

"खोटं लिहायचं होतं?"

"नाही गं." त्यानं फोन पालथा ठेवला. "कोर्टात मार्च उलटून जाईल. भरून टाकतो."

"मग पीआरवाल्यांना कळेल?"

"काय माहीत."

"कुणाला तरी विचारता येईल ना?"

"कुणाला विचारणार, सुलेखा?"

तेवढ्यात इरा पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म घेऊन आली. केमिस्ट्रीवर तिनं जाड खूण केली होती. "आई, sign here. उद्या last day."

सुलेखानं पेन उघडलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"करू ना सही?"

"कर," तो म्हणाला. "सही करायला काय."