सामनच्या आमिषाला हळद

आमच्या घराण्यात आजवर एकाही माणसाने मासा पकडलेला नाही. आम्ही रत्नागिरीचे. मासे खाण्यात आमचा हात धरणारा कोणी नाही, पारखण्यात तर नाहीच. परंतु मासा पाण्यातून बाहेर काढणे हे काम आम्ही पिढ्यानपिढ्या इतरांवर सोपवलेले आहे. ही माहिती मी नेदरलँड्समधल्या लायडनच्या आमच्या प्रयोगशाळेत योग्य वेळी दिली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

योग्य वेळ म्हणजे सप्टेंबरमधली एक दुपार. आमचे विभागप्रमुख यान दरवर्षी दोन-तीन सहकाऱ्यांना घेऊन स्वीडनमधल्या एका खोल तलावावर सामन मासे पकडायला जातात. जानेवारीत नवा प्रकल्प सुरू होणार होता, त्याला प्रमुख हवा होता, आणि यान ज्याला होडीत बसवतात त्याला ते पारखत असतात, हे सर्वांना ठाऊक होते. तो प्रकल्प मला हवा होता. किती हवा होता, ते लिहिणे सभ्यपणाचे होणार नाही.

चीजचा पाव खाता खाता यान म्हणाले, "तू समुद्रकिनाऱ्यावरची ना?"

"हो."

"मग मासेमारीतलं तुला कळत असेल."

(येथे 'नाही' हा दोन अक्षरी शब्द उपलब्ध होता.)

"अर्थात," मी म्हणाले.

"छान. या वेळी सगळं साहित्य तू निवड. आधी आमच्या उइटहॉर्नजवळच्या तलावात एकदा तालीम करू. तिथे सामन नाही, पण साहित्य कसं चालतं ते कळेल. आईवडील आलेत ना तुझे? त्यांनाही आण."

ही मासेमारी कशी करतात, ते मी त्याच संध्याकाळी वाचून काढले. होडी माणूस चालतो त्या वेगाने न्यायची आणि मागे दोऱ्याला बांधलेले खोटे मासे ओढत राहायचे. खरा मासा फसून त्यांच्यावर झडप घालतो. माझ्याकडे तीन आठवडे होते आणि शास्त्रीय पद्धतीवर पूर्ण विश्वास होता. मी तक्ता केला. साठ आमिषे, चौदा स्तंभ: वजन, लांबी, बुडण्याची खोली, ओढण्याचा वेग, रंग. पाण्यात तांबडा रंग लवकर दिसेनासा होतो, म्हणून त्याचे गुण कापले. शेवटचा स्तंभ 'सामनला काय वाटेल' असा होता; तो मी सरासरी काढून भरला.

बाबा, जे बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि ज्यांना कुठलाही तक्ता तपासल्याशिवाय राहवत नाही, ते मागे येऊन उभे राहिले.

"सामन म्हणजे आपला रावस. त्याला एवढं कशाला?"

"बाबा, तो रावस नव्हे. कुळच वेगळं आहे."

"कुळ वेगळं असलं म्हणून खाणंपिणं बदलतं का, मनू?"

शनिवारी आम्ही दोघे दुकानात गेलो. दुकानदार उंच आणि सहनशील होता. त्याने विचारले, "पहिल्यांदाच?" मी खोकले. तो म्हणाला, "एक रॉड, एक रीळ आणि चमच्यासारखी वाकवलेली धातूची दोन आमिषं. एक रुपेरी, एक तांब्याच्या रंगाचं. हळू जा. मासा लागला नाही तर दुसरं लाव. बस्स."

मला हा सल्ला अपमानास्पद वाटावा इतका छोटा वाटला. दोन आमिषांवरून कोणी निष्कर्ष काढते का?

बाबा तोवर रबरी माशांच्या फळीपाशी पोहोचले होते. चाळीस वर्षे ज्या पद्धतीने त्यांनी बाजारात पापलेट घेतले, त्याच पद्धतीने ते एकेक नग हातात घेत होते. "डोळे बघ याचे. पाणीदार आहेत." त्यांनी पोटावर अंगठा दाबला. "दाबलेलं लगेच वर आलं. ताजा." मग एक लाकडी मासा उचलला, दाबून पाहिला आणि तोंड वाकडे करून परत ठेवला. "हा बर्फातला."

"तुमचे वडील काय तपासताहेत?" दुकानदाराने विचारले.

"लवचीकता," मी म्हणाले.

माझ्या तक्त्याने तेवीस आमिषे निवडली, बाबांच्या अंगठ्याने अठरा. आम्ही एकेचाळीस घेतली. निघताना दुकानदाराने हेरिंग माशाच्या कच्च्या पट्ट्यांचे एक पाकीट दिले. या पट्ट्या आमिषाच्या मागे लावायच्या, म्हणजे वास सुटतो. "वास सगळ्यात महत्त्वाचा," तो म्हणाला. "साबण लावलेला हातसुद्धा लावू नका." सामनचे नाक किती तीक्ष्ण असते, हे मला त्याच्याहून चांगले माहीत होते; त्यावर मी चार शोधनिबंध वाचले होते. पाकीट मी फ्रीजमध्ये ठेवले.

तालमीच्या दिवशी सकाळी फ्रीज उघडला.

"आई, या पट्ट्या पिवळ्या का झाल्यात?"

"हळद-मीठ लावलंय. कच्चा मासा कोणी असाच ठेवतं का? थोडं कोकमाचं आगळही घातलंय."

"अगं, ते आमिष होतं."

"मग? माशाला चव नको?"

"आणि ही बाकीची आमिषं एवढी चकचकीत का दिसताहेत?"

"ती होय! रबराचा घाणेरडा वास येत होता. भांड्याच्या साबणाने धुतली, आणि आकडे गंजायला नकोत म्हणून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. दोनदा टोचलं मला."

घड्याळात पावणेनऊ झाले होते, निघायची वेळ. नेदरलँड्समध्ये पुरावा नष्ट करण्यासाठी उशीर करता येत नाही. येथे पाच मिनिटे उशीर हाच गुन्हा आहे.

होडीत आई दोन स्वेटर घालून मध्यभागी बसली. यान यांनी आमिषांचा डबा उघडला. तलावावर आमच्या स्वयंपाकघराचा वास पसरला.

"हा पिवळा रंग कसला?"

"हळद. आमच्या किनाऱ्यावरची पद्धत आहे." (काटेकोरपणे पाहता हे खोटे नव्हते.)

"माशांवर परिणाम होतो?"

"प्राथमिक निरीक्षणं उत्साहवर्धक आहेत," मी म्हणाले.

चार गळ सोडले. (परवाने मी वेळेत काढले होते, कागदपत्रांत मी कधी कमी पडत नाही.) पुढे माझ्या तक्त्यातले पहिल्या क्रमांकाचे आमिष, मागे बाबांचे ताजे मासे. मिनिटभरातच माझा रॉड कमानीसारखा वाकला. बाबा उठून उभे राहिले. यान यांनी मोटर बंद केली. मी सर्व शक्तीनिशी रीळ फिरवले. पलीकडून काहीही हालचाल नव्हती. पलीकडे तलावाचा तळ होता.

"हे आमिष किती खोल जातं?" यान यांनी विचारले.

"बारा मीटर."

"हा तलाव तीन मीटर आहे."

चौदा स्तंभांत तलावाच्या खोलीचा स्तंभ नव्हता. मी स्वीडनसाठी आदर्श ठरेल असे साहित्य उइटहॉर्नच्या चिखलात रोवले होते. दरम्यान होडी जागच्या जागी फिरली, आणि बाबांचे रबरी मासे, जे बुडायला मुळीच तयार नव्हते, पृष्ठभागावरून गिरक्या घेत उरलेल्या दोऱ्यांत गुंतले. चार दोऱ्यांचा एक दोर झाला. त्याभोवती खोबरेलाचा पातळ तवंग पसरत होता. एक बदक जवळ आले, थांबले आणि वळून निघून गेले.

यान गुंता मांडीवर घेऊन सोडवत बसले. सोडवता सोडवता त्यांनी बाबांना विचारले, "तुमच्याकडे मासे मिळवायला काय वापरता?"

मी तोंड उघडले. पण बाबांचे बँकेतले इंग्रजी माझ्या आधी पोहोचले.

"पिशवी."

"जाळ्याची?"

"कापडाची. रोज सकाळी घेऊन बाजारात जातो. पकडायचं काम कोळी लोक करतात, साहेब. आमच्या घरात गळाला कोणी हात लावलेला नाही. हिने तर गेल्याच महिन्यात पहिल्यांदा पाहिला."

यान यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"मग त्या दिवशी जेवताना का सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, तीन आठवड्यांत शिकून होईल."

"मला विचारायचं होतंस. मी तीस वर्षं हेच करतोय. दहा मिनिटांत सांगितलं असतं." मग ज्या सरळपणासाठी हा देश प्रसिद्ध आहे, त्या सरळपणे ते म्हणाले, "मला राग नाही आला. पण हे प्रयोगात झालं असतं, तर मला कधी कळलं असतं?"

एवढ्या वर्षांच्या शिक्षणात मला उत्तर आले नाही असा हा पहिला प्रश्न होता, आणि तो सोपा होता.

"काय म्हणताहेत गं?" आईने विचारले.

"माझ्या कामाच्या पद्धतीबद्दल विचारताहेत."

"मग सांग ना नीट."

यान यांनी खिशातून चाकू काढला आणि गुंता कापून टाकला.

स्वीडनच्या होडीत माझी जागा नव्हती. प्रकल्प माझ्या एका सहकाऱ्याकडे गेला. त्याने मुलाखतीत तीन वेळा 'मला माहीत नाही' असे उत्तर दिले होते, असे नंतर कळले. पुढच्या मुलाखतीत मी पाच वेळा देणार आहे. आईबाबा आता रत्नागिरीला परतले आहेत. त्यांना व्हिडिओ कॉल लावून मी रोज अर्धा तास ते तीन शब्द म्हणण्याचा सराव करते. आई म्हणते, अजून खरं वाटत नाही.