पेपर फुटू नये म्हणून

त्या दिवशी सकाळी काकांचा पाय शिलाई मशीनच्या पायडलवर बसेना. एवढा सुजलेला की चप्पलसुद्धा जाईना. काकू म्हणाली, "चला, दवाखान्यात जाऊ."

"उद्या जायचंच आहे की तिकडे. एका कामाला दोन चकरा कशाला?"

उद्या म्हणजे डॉक्टरकीच्या पोरांची परीक्षा. काका शिंपी माणूस, पण वर्षातून एकदा मेडिकल कॉलेजात त्यांचा केवढा मान. लहानपणी ताप येऊन त्यांच्या काळजाची एक झडप आखडलेली. तिचा आवाज म्हणे पुस्तकात लिहिलाय तसाच्या तसा यायचा. म्हणून परीक्षेला काकांना कॉटवर झोपवायचं आणि पोरांनी छातीला नळी लावून आजार ओळखायचा. सोळा वर्षं काका जात होते. "अर्धे डॉक्टर माझ्या छातीवर पास झालेत," असं गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सांगायचे.

परीक्षेआधी पोरं घरातल्याच दुकानात सरावाला यायची. एकेकटी, चोरासारखी, दुसऱ्याला कळू नये म्हणून. आणि काकांचा कायदा कडक. एकाला काय सापडलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. कुणी लाडीगोडी लावली तर म्हणायचे, "तू शोध की! तुला आयतं कशाला?" तरी एखादं घाबरलेलं पोरगं भलत्याच जागी नळी लावायला लागलं की हळूच खोकायचे. तेवढी लबाडी चालायची त्यांना.

त्या दिवशी आधी चष्मेवाली आली. वर्गात पहिली येणारी. तिने नळी लावली, मनगट धरलं, घड्याळ बघितलं, परत नळी लावली. खूप वेळ. मग काकांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. काकू चहा घेऊन आली तर एकदम गप्प. तासाभराने लंबू आला, तो कायम दुसरा. त्याचंही तेच. जाताना म्हणाला, "काका, कुणाला बोलू नका हां. उद्या सर बघतीलच."

काकूने विचारलं, "काय म्हणाली हो ती दोघं?"

"काही नाही."

"मग तोंड का फिरवताय?"

"अगं, तुला सांगितलं की गल्लीभर होणार. पेपर फुटेल ना!" काका हसले. हसता हसता धाप लागली. "आणि आज मला ॲडमिट केलं तर उद्या पोरांनी काय कपाटाची छाती तपासायची?"

काकूपण हसली. तेच आता तिला खातंय, आपण हसलो.

दिवेलागणीला काका आडवे झाले ते ताडकन उठून बसले. खिडकी उघड म्हणाले. खिडकी उघडीच होती. शेजाऱ्याची रिक्षा दारात लागेपर्यंत सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी परीक्षेत त्या कॉटवर दुसराच कुणीतरी झोपला.

आठेक दिवसांनी चष्मेवाली घरी आली. बस म्हटलं तरी बसेना. "काकू, मला कळलं होतं. ठोका पार बेताल झालेला. आधी तसा नव्हता. मला वाटलं, परीक्षेत हे मी एकटीच सांगेन."

काकूच्या तोंडात शिव्या आल्या होत्या, अगदी ओठापर्यंत. तेवढ्यात दारात लंबू. चष्मेवालीला बघून मागे फिरायला लागला. मग तिथूनच, चपला न काढता म्हणाला, "मलापण कळलं होतं."

दोघं एकमेकांकडे बघतच राहिली.

"त्याच दिवशी नेलं असतं तर वाचले असते?" काकूने विचारलं.

पोरगी म्हणाली, "सांगता येत नाही." लंबू खाली बघून म्हणाला, "बहुतेक वाचले असते."

 काकूने बाकावरचं कापड उचलून बाजूला ठेवलं. "बसा इथं. दोघं शेजारी. मला नका सांगू, मला काय कळतंय त्यातलं. एकमेकांना सांगा. काय काय ऐकलंत, सगळं."

बसली.  पोरीनेच आधी विचारलं, "पाठीला नळी लावलीस का तू? खाली?"

"हो. फुप्फुसात दोन्हीकडे पाणी होतं."

"मी पाठ बघितलीच नाही रे."

पुढचं सगळं त्यांच्या भाषेत. काकूला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. एक बाई ब्लाउज न्यायला आली, तिला हातानेच थांब म्हणून काकू तशीच दाराला टेकून ऐकत उभी राहिली.