गोचिडाचं औषध

कुत्रं माझ्या मिस्टरांचं. ते एसटीत कंडक्टर होते. सहा वर्षांआधी दारव्ह्याच्या स्टँडवर उभ्या बसच्या चाकाला टेकून झोपलेलं एक तांबूस पिल्लू त्यांनी उचललं, डब्याच्या पिशवीत टाकलं आणि घरी आणलं. मी नुकतीच ड्यूटीवरून आली होती. म्हटलं, "बाप्पा, आता हेच राह्यलं होतं! दिवसभर दवाखान्यात दुसऱ्याचं हागणं-मुतणं काढा, अन् घरी आलं की याचं." ते नुसते हसले. मी सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होती. त्यांनी पिल्लाला हौसेनं नाव ठेवलं, पण मी त्या नावानं कधी हाक मारली नाही. माझ्यासाठी ते 'ए' होतं, तेवढ्यावरच यायचं.

मी रिटायर झाली त्याच वर्षी, डिसेंबरच्या शेवटी, मिस्टर गेले. हार्ट अटॅक. घरातच, दिवसाढवळ्या, मी स्वयंपाकघरात असताना. त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याला, मंडपात बाया एकमेकींना सांगत होत्या, "सिस्टर घरातच होत्या, त्यायनं काही बाकी ठेवलं नसन." मी ऐकत होती. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रडलीसुद्धा नाही. माझं रडणं पाहायला बसलेल्या दोघी-तिघी शेवटी कंटाळून जेवायला गेल्या.

मुलगी पंधरा दिवस राहिली आणि पुण्याला परत गेली. जाताना कुत्र्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. मला म्हणाली, "आई, याला जप. बाबांचं एवढंच राहिलं आहे आता." मी जपीन म्हटलं. खरं सांगायचं तर त्या कुत्र्याचं मला काही प्रेमबिम नव्हतं. भीती होती फक्त. या घरात माझ्या डोळ्यांसमोर आणखी एक जीव जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं. दुसरं काही डोक्यात शिरतच नव्हतं.

मग मी ते काम ड्यूटीसारखं धरलं. फ्रिजवर कागद चिकटवला आणि वॉर्डात पेशंटचा ठेवायचो तसा त्याचा चार्ट सुरू केला. किती खाल्लं, किती प्यालं, शी कशी झाली. पहिल्या दिवशी ताप पाहिला तर एकशे दोन. मी पॅरासिटामॉलची गोळी काढायला उठली, आणि कोण जाणे काय वाटलं, आधी जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या डॉक्टरीण बाई हसल्या. म्हणाल्या, "काकू, कुत्र्याचं नॉर्मलच एवढं असतं. आणि ती गोळी चुकूनही देऊ नका, मरेल तो." पस्तीस वर्षं नोकरी केली आणि एवढंही माहीत नव्हतं. गोळी डब्यात परत ठेवली. वाईट वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही.

थंडीत त्याला पोतं अंथरलं. मार्चमध्ये रेबीजचं इंजेक्शन दिलं, जंताची गोळी गुळात दाबून खाऊ घातली. लबाड मेला, गूळ खायचा आणि गोळी बाहेर काढायचा. तीनदा तेच झालं, मग जबडा उघडून जिभेच्या मुळाशी ठेवली, जशी लहान पोरांना द्यायची तशी. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीचा डीजे आमच्या गल्लीवरून गेला तेव्हा ते पलंगाखाली शिरून थरथरत होतं. दरवर्षी मी पांढरी साडी नेसून मिरवणुकीत जायची. त्या वर्षी खिडक्या लावून पलंगापाशी खाली बसून राहिली. मैत्रिणी हाका मारून गेल्या.

उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला फिरवून आणायची. नंतर बाहेर न्यायचं झालं तर आधी डांबरावर हात ठेवून पाहायची, हाताला सोसवलं नाही तर त्याच्या पायांना कसं सोसवणार? दुपारभर ते कुलरच्या खाली, जिथं पाणी ठिबकायचं, तिथं पोट टेकून पडायचं. मी पलंगावर पडायची. मुलीचा फोन आला की आधी विचारायची, "तो कसा आहे?" मी चार्ट वाचून दाखवायची. "आणि तू?" म्हणायची. मी म्हणायची, बरी आहे.

पाऊस लागला तसा त्याला गोचीड झाला. आधी कानात दोन, मग मानेवर, मग बोटांच्या बेचक्यात. मी रोज सकाळी चिमट्यानं उपटून मिठाच्या पाण्यात टाकायची. डॉक्टरीण बाईंकडे नेऊन औषध घालून आणायला पाहिजे हे मला समजत होतं. पण चपला घालायच्या, ऑटो बोलवायचा, त्याला चढवायचं. उद्या जाऊ म्हणायची. असे पंधरा-वीस उद्या गेले असतील.

ऑगस्टमधला शनिवार होता. माझा दीर, मिस्टरांचा धाकटा भाऊ, दर शनिवारी बाजाराला आला की वावरातली भाजी घेऊन आमच्याकडे यायचा. पोळा जवळ आला होता, बैलांचं सामान घेऊन आला होता. चहा पिता पिता त्यानं कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवला आणि थबकला.

"वहिनी, ह्याले तं गोचीडच गोचीड झाला! काही लावत काहून नाही?"

"जायचं आहे दवाखान्यात," मी म्हटलं.

"दवाखान्यात कायले? थांबा." तो उठला, मोटारसायकलच्या डिक्कीतून बाटली घेऊन आला. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारायचं औषध, त्याच दिवशी कृषी केंद्रातून घेतलेलं. "मी बैलाईले दरसाली लावतो. अर्धं झाकण टाकतो मगाभर पाण्यात. एकही नाही राहत."

त्यानं बाटलीचं झाकण फिरवलं आणि तो वास माझ्यापर्यंत आला.

आता हे नीट सांगते. त्या वासातच माझी अर्धी नोकरी झाली. दरवर्षी फवारणीच्या दिवसांत माणसं आणायचे, घामानं निथळलेली, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी त्यांचे सदरे कात्रीनं कापून काढायची, साबणानं अंग धुवायची, आणि सोबतच्या बायकोवर ओरडायची, "हातमोजे काहून नाही घातले यायनं? तू काय करत होती?" एवढी ओरडायची की डॉक्टर बाहेर येऊन म्हणायचे, सिस्टर, हळू. असं औषध उघड्या कातडीवर लागलं तर काय होतं हे मला जेवढं माहीत होतं तेवढं त्या गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं. आणि कुत्रं स्वतःचं अंग चाटतं हे तर शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मी शेंगा तोडत बसली होती. "लावू न?" त्यानं विचारलं.

"लावा," मी म्हटलं.

नको म्हणायला पुढची चार वाक्यं बोलावी लागली असती, आणि ती माझ्याच्यानं होत नव्हती. एवढंच. त्यानं मगात औषध कालवून जुनं फडकं बुडवलं, मानेपासून शेपटीपर्यंत पुसून काढलं. कुत्रं शेपूट हालवत उभं होतं. त्याला वाटलं लाड चालू आहेत.

अर्ध्यापाऊण तासानं दीर जायला उठला तेव्हा ते दारात आडवं पडलेलं होतं. लाळेचा घोळ झाला होता फरशीवर. मागचे पाय लटलट करत होते. मी खाली बसली, पापणी वर केली. टाचणीचं टोक.

अहो, कुठून तो आवाज आला मला माहीत नाही, पण मी अशी ओरडली की शेजारीण भिंतीवरून डोकावली. "पाणी आणा! बादली भरा! तो साबण द्या इकडे!" हातात पॉलिथिनच्या पिशव्या चढवल्या आणि नळाखाली त्याला धुवायला घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा. दीर बाजूला उभा राहून म्हणत होता, "वहिनी, मी तं बैलाईले लावतो, काहीच नाही होत." मी म्हटलं, "गप बसा. गाडी काढा!"

जनावरांचा दवाखाना एक वाजता बंद होतो, तेव्हा साडेबारा झाले होते. तो मोटारसायकल चालवत होता, मी मागं, मांडीवर चादरीत गुंडाळलेलं कुत्रं. ते जड झालं होतं आणि थांबून थांबून श्वास घेत होतं. मी त्याला म्हणत होती, मरू नको रे, मरू नको. आठ महिन्यांत कोणाला काही मागितलं नव्हतं मी.

डॉक्टरीण बाईंना मी फडक्यापासून सगळं सांगितलं, औषध कोणतं, किती पाण्यात, किती वेळ झाला. त्यांनी विषावरचं ॲट्रोपिनचं इंजेक्शन भरता भरता विचारलं, "कोणी लावलं हे?" दीर काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मी."

"तुम्ही नर्स ना, काकू?"

"हो."

त्यांनी सुई टोचली. म्हणाल्या, बाहेर बसा, लगेच काही सांगता येणार नाही.

बाहेर बैलांना उभं करायचा लोखंडी खोडा आहे. त्याच्या बाजूला सिमेंटचा ओटा, तिथं बसलो. दीर डोक्याला हात लावून बसला होता. पन्नाशीचा माणूस, लेकरासारखा हुंदके देत होता. "माह्या हातानं मारलं मी, वहिनी. दादाचं कुत्रं."

त्याला तसंच रडू दिलं असतं तर माझं काही गेलं नसतं. पण ते मला पाहवेना.

"भाऊजी, तुम्ही बाटली उघडली तेव्हाच मला समजलं होतं. मला माहीत होतं काय होते त्यानं."

त्यानं डोक्यावरचा हात काढला. "मंग बोलल्या काहून नाही?"

"माहीत नाही," मी म्हटलं. आणि मग तोंड उघडलंच होतं, तर सगळंच बाहेर आलं. "तुमच्या भावाच्या वेळीही माहीत होतं मला. सकाळी म्हणाले, पाठीत दुखून राह्यलं, घाम येऊन राह्यला. मी पोळ्या करत होती. म्हटलं, काल वांगे खाल्ले न तुम्ही, गॅस झाला असन, ओवा खा अन् पडा जराशे. दवाखान्यात असं सांगणारे कितीक यवतमाळला पाठवले मी, भाऊजी. एक मिनिट नाही थांबू दिलं कोणाला. अन् घरच्या माणसाले ओवा दिला. दोन तासानं ताट घेऊन गेली तं…"

मला वाटलं आता हा उठेल, थू म्हणेल, निघून जाईल. त्यानं तसं केलं असतं तर मला चाललं असतं. खरं म्हणजे मी आठ महिने त्याचीच वाट पाहत होती, कोणीतरी थू म्हणावं याची.

पण तो उठला नाही. मग खाली मान घालून म्हणाला, "मलेही फोन केलता दादानं. त्याच सकाळी."

"काय?"

"वेचणीच्या बाया होत्या वावरात, मी गडबडीत होतो. म्हणे, छाती भरून आल्यासारखी वाटून राह्यली, तिले सांगितलं तं घाबरन. मी म्हटलं, काही नाही होत, गॅस झाला असन, सोडा पे. अन् फोन ठेवून देल्ला." त्यानं दुपट्ट्यानं नाक पुसलं. "दर शनिवारी येतो वहिनी तुमाले सांगाले. भाजी ठेवतो, चहा पेतो, अन् तसाच परत जातो."

त्याच्या खांद्यावर हात ठेवायला पाहिजे होता, पण दीर-भावजयीत आमच्याकडे तसं करत नाहीत. मी थोडी सरकून त्याच्या जवळ बसली. दुपार झाली होती, दवाखान्याचा शिपाई कुलूप हातात घेऊन घुटमळत होता आणि आमच्याकडे पाहून परत आत जात होता.

तास गेला, की दोन, सांगता येणार नाही. मग डॉक्टरीण बाईंनी दारातून हाक मारली. मी आत गेली. कुत्रं टेबलावर बसलेलं होतं, अजून कापत होतं, पण बसलेलं होतं. मला पाहिलं आणि शेपूट टेबलावर आपटली, दोनदा. जिनं आपल्या डोळ्यांसमोर त्याला विष लावू दिलं त्या बाईला पाहून.

मला तिथंच रडू फुटलं. त्याच्या ओल्या मानेत तोंड घालून मी मोठ्यानं रडली, आवाज बाहेर ओट्यापर्यंत गेला असेल. डॉक्टरीण बाई घाबरल्या. पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "काकू, अहो वाचला तो. आता कशाला रडता त्याच्यासाठी?"

"याच्यासाठी नाही," मी म्हटलं.